काळजातली गाठ कशी ओळखू आली?

सोनोग्राफीत ‘यकृतात गाठ’ निघाली की आपल्या काळजात धस्स होतं. पण प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पोट न उघडता हे कळू लागल्याला मात्र फार वर्षं झाली नाहीत.

१८९५मध्ये एक्स-रेचा शोध लागला. त्यात हाडं स्पष्ट दिसत, पण यकृतातली गाठ सहसा दिसत नसे. १९५८मध्ये ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातल्या गाठी दाखवल्या. १९७१मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. पुढे शिरेत औषध सोडून स्कॅन करू लागले, तेव्हा गाठींच्या खुणा पटू लागल्या. रक्तवाहिन्यांची साधी गाठ कडेकडून आत हळूहळू उजळते.

अ‍ॅडेनोमा ही विरळ गाठ. कॅन्सरची नसली तरी मोठी झाल्यावर ती फुटून रक्तस्राव होऊ शकतो. १९७३मध्ये अमेरिकेत डॉ. जॅनेट बाऊम आणि सहकाऱ्यांनी अशा गाठींचा गर्भनिरोधक गोळ्यांशी संबंध असावा, असं मांडलं. गोळ्या बंद केल्यावर ही गाठ कधी कधी आक्रसते.

फोटोत गाठ दिसते, गोळी दिसत नाही. म्हणून आपण गोळ्या घेत असू तर न लाजता डॉक्टरांना सांगूया, आणि जुने रिपोर्ट जपून ठेवूया.