माधवगंज ते मंगेशी

ग्वाल्हेरच्या माधवगंजातून आम्ही कुलदेवाच्या दर्शनास गोव्यात गेलो, तेव्हा घराण्याचा कित्येक पिढ्यांचा खाडा भरून निघत होता. पणजोबांच्या मनात ही यात्रा फार होती. परंतु 1955 च्या सत्याग्रहावरील गोळीबारानंतर सीमा बंद झाली, आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईतो त्यांचे पाय थकले होते.

वस्तुतः ग्वाल्हेरकरांस ही भूमी परकी नव्हे. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजची कुट्ठाळी. पोर्तुगिजांच्या धाकाने 1560 मध्ये देव नदीपलीकडे, आदिलशाही मुलखातील प्रियोळास आणला गेला. पुढे, शिंद्यांचे दिवाण म्हणून नावाजलेले रामचंद्र मल्हार सुखठणकर यांच्या शब्दावरून पेशव्यांनी 1739 मध्ये मंगेशी गाव देवस्थानास इनाम दिला. ज्या शिंद्यांच्या छावणीचे 1810 नंतर लष्कर शहर झाले, त्यांच्याच दिवाणाची ही सेवा! 1763 मध्ये फोंडे महाल पोर्तुगिजांकडे गेला. तथापि दोनशे वर्षांपूर्वी देवळे पाडणाऱ्या त्याच सत्तेने या वेळी येथील देवळांस व रूढींस अभय दिले.

आम्हां वकिलांस कुतूहल असते ते त्यापुढचे. 1910 साली लिस्बनचा राजा गेला व प्रजासत्ताक आले. सोळा वर्षांत पंचेचाळीसच्या आसपास मंत्रिमंडळे झाली, आणि 1926 मध्ये लष्कराने तो खेळ मोडला. (गोव्यातील हिंदूंना समान हक्क मात्र त्याच डळमळीत राजवटीत लाभले, हेही सांगितले पाहिजे.) सालाझारशाहीची घटना 1933 ची, महाजनांचे अधिकार ठरविणारा देवस्थानांचा कायदाही त्याच सालचा. 1962 च्या अधिनियमाने गोव्यातील जुने कायदे चालू ठेवल्यामुळे देवस्थानांचा कारभार आजही त्याच कायद्याने चालतो.

त्या कायद्याचा कणा म्हणजे महाजनांची नोंदवही. दर्शन व अभिषेक कोणाही भाविकास घडतो. देवस्थानच्या कारभारात मत देण्यास मात्र वहीत नाव हवे. आम्ही चौकशी केली. आमचे नाव नव्हते. यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही. उत्तरेत चाकरीस गेलेल्या आमच्या पूर्वजांनी ते कधी नोंदविलेच नाही.

परतल्यावर माडीवरची ट्रंक उघडली. पणजोबांपासून खालचे दाखले मिळाले. त्यांच्या वरचे म्हणून एक फाटकी वंशावळ तेवढी आहे, आणि तीत मूळ गावाचे नाव अर्धे पुसलेले आहे.