डहाणूचे धुराडे

एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या आम्हां वसईकरांना डहाणू काही परके नाही. विरारला गाडी बदलली की चिकूच्या वाड्यांचा तो मुलूख फार दूर राहत नाही. तेथे खाडीकाठी सुमारे २७५ मीटर उंचीचे एक धुराडे उभे आहे. कोळसा सोडण्याची भाषा आज सारे जग बोलत आहे. तो सोडविताना काय काय करावे लागेल, याचा धडा आम्हांस या धुराड्यापाशी सापडतो.

१९८९ साली येथील ५०० मेगावॉटच्या नियोजित औष्णिक वीजकेंद्राविरुद्ध नर्गिस इराणी आदी मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. कोळशाच्या गंधकयुक्त धुराने बागा, शेती व मासळी यांची हानी होईल, ही त्यांची भीती. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राची वाट मोकळी केली. लढा हरला, असेच कोणी म्हटले असते. परंतु त्याच वर्षी २० जून रोजी भारत सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. वीजकेंद्र १९९५ साली सुरू झाले, तरी मंडळी स्वस्थ बसली नाहीत. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली देखरेखीसाठी प्राधिकरण स्थापन झाले. दादा धर्माधिकारी यांचे चिरंजीव न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. धुरातील गंधक काढणारे यंत्र बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ साली दिला. यंत्र चालू झाले २००७ साली! एका आदेशाच्या अंमलबजावणीस आठ वर्षे लागली, आणि तीही कोणीतरी सतत पाठीशी उभे होते म्हणून.

तथापि, गंधक गेले तरी कोळसा जळतच राहिला. पृथ्वी तापविणारा कर्बवायू त्या यंत्राने अडत नाही, आणि तो डहाणूच्या शिवेवरही थांबत नाही. तेथे एका तालुक्याचे न्यायालय-प्राधिकरण अपुरे पडते. राष्ट्रांनीच एकत्र यावे लागते. ती आली, पण किती सावकाश! रिओचा करार १९९२ सालचा. २०१५ सालच्या पॅरिस करारात ‘कोळसा’ हा शब्ददेखील नाही. तो शब्द २०२१ साली ग्लासगोच्या ठरावात आला. तेथेही ‘बंद करणे’ याऐवजी ‘कमी करणे’ असे शेवटच्या घटकेस लिहिले गेले, आणि तो बदल आपल्याच देशाने मागितला होता. दुबईत २०२३ साली प्रथमच सर्व खनिज इंधनांपासून दूर जाण्याचे आवाहन मान्य झाले.

आपल्या देशाच्या मागणीमागे अर्थ नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या घरी दिवा उशिरा पोचला, त्यांना तो आधी विझवा असे कोणी सांगू नये. आमच्या इमारतीची लिफ्ट व पाण्याचा पंपही महाराष्ट्राच्या ज्या विजेवर चालतात, तिचा मोठा हिस्सा कोळशाचाच आहे. परंतु डहाणूकरांनी एक गोष्ट दाखविली: अट लिहिणे हे निम्मेच काम, उरलेले निम्मे तिच्यावर पहारा ठेवण्याचे. राष्ट्रांनी आता शब्द लिहिला आहे. त्यावर पहारा कोण ठेवणार, हा प्रश्न आपल्यासारख्या नगरवासीयांचाच आहे.