घरगुती वापरातील लेखनक्षम तबकडीचा ऱ्हास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात संगणक मध्यमवर्गीय घरात आला आणि त्याच्यामागोमाग कोरी सीडीही आली. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची १९८२ मध्ये बाजारात आलेली ध्वनितबकडी केवळ ऐकण्यासाठी होती. तीवर घरच्या घरी काही नोंदवता येत नसे. सीडी-आरने ही मर्यादा दूर केली. या माध्यमाच्या ऱ्हासाची मीमांसा ‘नवे आले, जुने गेले’ एवढ्यावरच आटोपण्याचा प्रघात आहे. ती अपुरी आहे. तबकडी एकाच वेळी दोन कामे करीत होती : माहितीची ने-आण आणि माहितीचे जतन. पहिले काम हातचे गेल्यावर केवळ दुसऱ्या कामाच्या बळावर तिची बाजारपेठ तग धरू शकली नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रचना व प्रसार :

सीडी-आरच्या विकासात जपानच्या तायो युडेन कंपनीचा वाटा मोठा होता. पारदर्शक पॉलिकार्बोनेटवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर, त्यावर परावर्तक धातू आणि वर लाखेचे संरक्षक आवरण, अशी तिची रचना असते. लेखनाचा लेसर रंगाच्या थरात उष्णतेने सूक्ष्म खुणा उमटवतो. वाचताना परावर्तित प्रकाशातील फरकावरून त्या ओळखल्या जातात. हा रंग प्रकाश, उष्णता व दमटपणा यांनी बिघडतो. शिवाय धातूचा थर छापील बाजूच्या अगदी निकट असल्याने त्या बाजूचा ओरखडा अधिक घातक ठरतो. वापरणारे मात्र चकाकणारी बाजूच जपत.

फ्लॉपीच्या १.४४ एमबीसमोर सीडीची ७०० एमबी क्षमता जवळपास पाचशे पट होती. डीव्हीडीने ती ४.७ जीबीपर्यंत नेली. भारतात १९८३ मध्ये स्थापन झालेली मोझर बेअर कंपनी पुढे कोऱ्या तबकड्यांच्या जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांपैकी एक झाली. तबकडी स्वस्त झाली ती या प्रचंड खपामुळे, आणि हा खप मुख्यतः गाणी, चित्रपट व संगणक-प्रणाली यांच्या ने-आणीचा होता. जतनाला त्या स्वस्ताईचा आयता लाभ मिळाला.

ऱ्हासाची प्रक्रिया :

२००० पासून पेन ड्राइव्ह बाजारात आले. २००४ मध्ये जीमेलने १ जीबी जागा विनामूल्य दिली, तर २००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये तबकडीचा ड्राइव्हच नव्हता. पुढे इतर लॅपटॉपमधूनही तो वगळला जाऊ लागला. भारतात २०१६ मध्ये जिओच्या आगमनानंतर मोबाइलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले आणि गाण्यांच्या सीडीचे उरलेसुरले प्रयोजनही संपले.

तायो युडेनने २०१५ मध्ये हा व्यवसाय सोडला. मोझर बेअरच्या विसर्जनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम ब्लू-रे तबकडीवर नोंदवून ठेवण्याची सवय जपानी घरांत दीर्घकाळ टिकली होती. तेथेही सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लेखनक्षम ब्लू-रेचे उत्पादन थांबवले. या साऱ्यात एम-डिस्कचे उदाहरण विशेष बोलके आहे. सेंद्रिय रंगाऐवजी खनिजसदृश थर वापरणारी ही तबकडी हजार वर्षे टिकेल असा दावा होता. म्हणजे ती निव्वळ जतनासाठीच होती. तिची निर्माती मिलेनियाटा कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली.

मागे राहिलेले साहित्य :

लग्न-मुंजीची चित्रफीत डीव्हीडीवर देण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ होती. कित्येक घरांत तीच एकमेव प्रत असते. महाविद्यालयीन ग्रंथालयांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याची तरतूद केली आणि ‘शोधगंगा’ या संग्रहाला आधार मिळाला. परंतु तत्पूर्वीच्या प्रबंधांच्या मागील पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटातील सीडी बव्हंशी तशाच आहेत. मजकूर छापील प्रतीत सुरक्षित आहे हे खरे. मात्र ओव्या, लोकगीते किंवा बोलीभाषा यांवरील प्रबंधाला जोडलेले ध्वनिमुद्रण केवळ त्या सीडीतच असू शकते. यूएसबीने जोडावयाचे ड्राइव्ह आजही विकत मिळतात. रंगाचा थर शाबूत असलेल्या तबकडीची प्रत त्यावरून काही मिनिटांत काढता येते.