ठेच्याशेजारी वाईन की ताक?

कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाईन, असं तलवाड्यात विचारलं तर लोक हसतील. आम्हाला मात्र तो इतिहासाचा प्रश्न वाटतो.

त्वरितादेवीच्या या गावाचा मुलूख एकेकाळी कल्याणीच्या चालुक्यांचा. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर. त्याच्या 12व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात अन्नाच्या प्रकरणानंतर लगेच पानीयाचं प्रकरण येतं. म्हणजे ताट आणि पेला यांचा शेजार आपल्याकडे जुनाच. द्राक्षंही जुनी, 14व्या शतकात इब्न बतूतानं दौलताबादच्या द्राक्षांची नोंद केली आहे.

मग वाईन घरच्या ताटाशेजारी का आली नाही? एक कारण ताटातच आहे. मिरची पोर्तुगिजांबरोबर 16व्या शतकात आली. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात तिखट म्हणजे मिरी. लाल वाईनचा तुरटपणा आणि मद्यार्क मिरचीची आग वाढवतात, ताक ती शमवतं. ठेच्याशेजारी ताक बसलं ते उगाच नाही.

दुसरं कारण सरकारी. निजामाच्या राज्यात अबकारी हे उत्पन्नाचं मोठं साधन. दारू गुत्त्यात गेली आणि जेवणापासून तुटली. पिणं उरलं ते नुसत्या झिंगेसाठी. मजुरी तिथंच संपायची नि चुलीची काळजी बाईला. 2022 साली सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा उठलेल्या विरोधात आम्हाला हीच आठवण ऐकू येते.

तेव्हा घरात बाटली उघडायचीच असेल, तर तिखटाला थोडी गोडसर, गार पांढरी वाईन सोसते. पण आधी चूल सांभाळणारीला विचारा.