खवली: मरळीचे भक्ष्य, गळाचे आमिष

धाम, बोर, वेणा या वर्धा जिल्ह्यातील नद्यांत आणि आसपासच्या तळ्यांत आढळणाऱ्या लहान माशांपैकी खवली महत्त्वाची आहे. शास्त्रीय नाव पुंटियस सोफोर. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात तिचे वर्णन केले. बोटभर लांबी, रुपेरी अंग आणि शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका ही तिची ओळख. शेवाळ, पाणवनस्पतींचे अंश व बारीक कीटक हा तिचा आहार. मरळ हा शिकारी मासा शेवाळावर जगत नाही. ते शेवाळ खवलीच्या अंगी लागते तेव्हाच मरळीला मिळते. तळ्यातले खवलीचे खरे काम हेच.

आमिष म्हणून तिची योग्यता यातूनच येते. मरळ गवतात दबा धरते आणि हलत्या भक्ष्यावर झडप घालते. म्हणून तिच्यासाठी खवली जिवंत हवी. गळ पाठीच्या पराजवळ, कण्याच्या वरच्या मांसातून ओवावा. कण्याला इजा झाली तर मासा लुळा पडतो आणि आमिष वाया जाते. शिवडा या माशाची गोष्ट वेगळी. तो रात्री फिरतो, मिशांनी चाचपतो, वासावर येतो. त्याला मेलेली किंवा कापलेली खवलीही चालते.

मत्स्यशेतीत मात्र तिला नकोसा मासा मानतात. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडण्याआधी असे मासे मारण्यासाठी तळ्यात मोहाची पेंड टाकतात. मीटरभर खोल पाण्याला हेक्टरी सुमारे 2,500 किलो. पेंडीतील सॅपोनिनमुळे माशांच्या रक्तपेशी फुटतात आणि मरळीसकट सारे मासे मरतात. बीजाचे अन्न व प्राणवायू वाचतो हे खरे. पण गावतळ्यात मरळ हवी असेल, तर हा उपाय माझ्या मते चुकीचाच आहे.

आमिषासाठी खवली धरण्यालाही मर्यादा हवी. पावसाळ्यात ती उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालते. तेव्हा बारीक जाळे फिरवले तर पुढची पिढीच उचलली जाते. शिवाय एका तळ्यातले उरलेले आमिष दुसऱ्यात ओतले की त्याबरोबर तिलापियाची पिल्लेही जाऊ शकतात, आणि 1952 मध्ये भारतात आणलेला हा मासा एकदा रुजला की निघत नाही. भोई-ढिवर बांधवांना आणि हौशी गळकऱ्यांना विनंती एवढीच: ज्या पाण्यात गळ टाकाल, आमिषही त्याच पाण्यातले घ्या.