टाकीने जागा का बदलली? एका जुन्या पिकअपच्या निमित्ताने

१/ गेल्या मे महिन्यात वाशीमच्या एका गॅरेजात जीपवर बांधलेली जुनी पिकअप पाहिली. चालकाच्या आसनाखालची इंधनटाकी काढून मागे, हौद्याखाली बसवावी, अशी मालकांची इच्छा होती. मिस्त्री म्हणाले, "कंपनीनं इथं ठेवली, ते काय उगीच?" प्रश्न यंत्राचा होता, पण त्याचे उत्तर इतिहासात आहे. त्यासाठी हा थ्रेड.

२/ आरंभी टाकीची जागा गुरुत्वाकर्षणाने ठरवली. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी गाडीला इंधनपंप नव्हता. बहुतांश गाड्यांत टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि पेट्रोल आपल्या उताराने कार्बोरेटरपर्यंत जाई. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ आला की प्रवाह थांबे. मग गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढावा लागे.

३/ यावर उपाय म्हणजे टाकी आणखी उंच नेणे. १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए मध्ये ती समोरच्या काचेखाली, डॅशबोर्डमागे आली. झाकण काचेपुढे उघडे. इंधन निर्धास्त वाहू लागले, परंतु सुमारे ३८ लिटर पेट्रोल प्रवाशांच्या गुडघ्यांसमोर येऊन बसले.

४/ पुढे इंधनपंप रूढ झाला आणि गुरुत्वाकर्षणाची सक्ती संपली. टाकी आता कोठेही ठेवता येत होती. तरीही १९४९ पासून शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये ती केबिनच्या आत, आसनाच्या पाठीमागे आली. दगडधोंड्यांपासून टाकी वाचली. चालक मात्र तिला पाठ टेकून बसू लागला.

५/ जीपची कथा याच काळातली. १९४१ च्या विलीस एमबी या लष्करी जीपमध्ये सुमारे ५७ लिटरची टाकी चालकाच्या आसनाखाली होती. पेट्रोल भरायचे तर चालकाने उठायचे आणि गादी उचलायची! १९४५ च्या नागरी सीजे-२ए मध्ये टाकीचे तोंड बाहेर, बाजूच्या पत्र्यावर आले. टाकी मात्र आसनाखालीच राहिली. गैरसोय दूर झाली, धोका जागेवरच होता.

६/ हीच परंपरा आपल्याकडे आली. १९४९ मध्ये महिंद्राने मुंबईत माझगावला सुट्या भागांतून पहिल्या ७५ जीप जोडल्या. पुढे सीजे-३बी भारतात कित्येक दशके तयार होत राहिली आणि तिच्या सांगाड्यावर ठिकठिकाणी हौदे चढले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी.

७/ अमेरिकेत मोटारींच्या इंधनगळतीसंबंधी सुरक्षा मानक १९६८ मध्ये आले. हलक्या ट्रकांना ते १९७६ नंतर लागू झाले. दरम्यान, १९७३ च्या नव्या शेव्हरोले पिकअपमध्ये टाकी केबिनबाहेर पडली, पण बसली चेसिसच्या बाहेरच्या अंगाला. बाजूने धडक बसली की घाव थेट टाकीवर!

८/ त्यातून आगी, खटले आणि सरकारी चौकशी उद्भवली. १९९४ च्या अखेरीस जनरल मोटर्सने सुरक्षा कार्यक्रमांसाठी ५.१ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले व चौकशी मिटली. १९८८ च्या नव्या पिढीत टाकी चेसिसच्या दोन्ही दांड्यांच्या आत आली होती. म्हणजे टाकी केबिनबाहेर नेणे पुरेसे नव्हते; तिला कवच कोणाचे, हे महत्त्वाचे होते.

९/ आता वाशीमकडे परतू. मालकांची अडचण दुहेरी आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते, मात्र ते मूळ रूपात हवे. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल नको. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर मर्यादा घालते. म्हणून पत्रा कापण्याआधी आरटीओला विचारणे आवश्यक.

१०/ मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट ठामपणे नाकारली : जुन्या टाकीला वेल्डिंग. पेट्रोल संपले तरी वाफ उरते, आणि हवेत ती जेमतेम दीड टक्का असली तरी पेट घेऊ शकते. भरलेल्या टाकीपेक्षा 'रिकामी' टाकी अधिक घातक ठरते, ती यामुळे. तोंड हलवायचे तर नळीला सलग उतार हवा, हवा निघायला वेगळी नळी हवी आणि सायलेन्सरपासून अंतर हवे.

११/ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझा कल मूळ रूप जपण्याकडे असायला हवा. पण ही गाडी प्रदर्शनात उभी राहणार नाही. तिच्यातून रोज माणसे शेतावर जाणार आहेत. अशा गाडीची टाकी रीतसर परवानगीने, चेसिसच्या दोन दांड्यांच्या मधे, नवी बनवून बसवावी, असे मला वाटते. मालकांनाही तेच सांगितले. जुनी टाकी मात्र मोडीत काढू नका, अशी विनंती केली. ती धुऊन, झाकण उघडे ठेवून, आगीपासून दूर जपता येईल.

१२/ आपल्या घरी जुनी जीप वा पिकअप असेल, तर तिच्या टाकीचे तोंड कोठे आहे, हे अवश्य कळवा.