खडे आणि दाणे : छायाचित्रांच्या निवडीचा एक इतिहास

महामंदीने आणि अवर्षणाने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांसाठी रुझवेल्ट सरकारने १९३५ साली पुनर्वसनाचे एक खाते उघडले. पुढे १९३७ मध्ये त्याचे नाव 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन' असे झाले. या खात्याच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख रॉय स्ट्रायकर हा अर्थशास्त्राचा अध्यापक. तो स्वतः छायाचित्रकार नव्हता. मात्र वॉकर इव्हान्स, डोरोथिया लँग, बेन शान, आर्थर रॉथस्टीन, रसेल ली अशी माणसे त्याने कामाला लावली आणि काय टिपायचे याच्या लांबलचक याद्या देऊन देशभर फिरवली. त्यांच्या फिल्म मोठ्या प्रमाणावर वॉशिंग्टनला येत, तिथल्या प्रयोगशाळेत धुतल्या जात आणि मग स्ट्रायकर व त्याचे सहायक निवडीला बसत. जी निगेटिव्ह पसंत पडली नाही तिला विभागाच्या बोलीत 'किल्ड', म्हणजे मारलेली, म्हणत. सुरुवातीच्या काही वर्षांत हे मारणे अक्षरशः होते. कचेरीत कागदांना भोके पाडायचा जो पंच असतो, तो घेऊन निगेटिव्हला भोक पाडले जाई.

निगेटिव्हमध्ये जिथे भोक असते तिथून प्रकाश अडथळ्याशिवाय पार होतो, त्यामुळे छाप काढला तर तिथे ठार काळी चकती उमटते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये या संग्रहाच्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. त्यांचे संगणकीकरण झाले तेव्हा या मारलेल्या चौकटीही सर्वांसाठी खुल्या झाल्या. कुठे ती चकती आभाळात सूर्यग्रहणासारखी लटकते, कुठे शेतकऱ्याच्या चेहऱ्यावरच बसते. विल्यम ई. जोन्स या चित्रपटकाराने २०१० मध्ये त्यांचे एक पुस्तकच काढले. ते पाहताना अस्वस्थ व्हायला होते, कारण बहुतेक चौकटी तशा वाईट नाहीत. त्या फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या आहेत. छायाचित्रकारांना हा प्रकार अर्थातच आवडत नव्हता. बेन शान यांनी पुढे एका मुलाखतीत स्ट्रायकरच्या या हुकूमशाहीबद्दल आणि आपली चित्रे वाया गेल्याबद्दल स्पष्ट तक्रार केली आहे. तिशीचे दशक संपता संपता स्ट्रायकरने पंच बाजूला ठेवला.

याच स्ट्रायकरची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काही मोजक्या चौकटी घेतल्या. त्यांतली एक 'मायग्रंट मदर' म्हणून जगप्रसिद्ध झाली. तिच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा दिसत असे. लँग यांना तो खुपत होता. १९३९च्या सुमारास त्यांनी निगेटिव्हवर काम करवून तो पुसट केला आणि स्ट्रायकर नाराज झाला. जो माणूस निगेटिव्हच्या मधोमध भोक पाडताना कचरत नव्हता, त्याला अंगठा पुसणे हा दस्तऐवजाशी केलेला द्रोह वाटला! यात ढोंग होते असे मला वाटत नाही. त्याच्या लेखी निवड आणि फेरफार ही दोन संपूर्ण वेगळी कामे होती. निवडीने सत्याला बाधा येत नाही, फेरफाराने येते, ही ती श्रद्धा. छायाचित्र-पत्रकारितेचा सारा नीतिविचार आजही या श्रद्धेवर उभा आहे, आणि ती वाटते तितकी भक्कम नाही.

मराठीत 'निवडणे' हे क्रियापद मोठे मार्मिक आहे. तांदूळ निवडायला बसलेली बाई तांदूळ निवडत नाही, खडे निवडते. उरते ते सगळे शिजायला जाते. उलट पारिजातकाखाली बसून फुले वेचणारी बाकीचा सडा तिथेच सोडून देते. ढिगाऱ्यातून काही निवडायचे तर हे दोनच मार्ग असतात, खडे काढणे किंवा दाणे वेचणे, आणि त्यांतून हाती येणारे फळ अगदी भिन्न असते. खडे काढणारा निर्दोष चित्रांपाशी पोचतो, वेचणारा हव्या असलेल्या चित्रांपाशी. स्ट्रायकरचा पंच पहिल्या जातीचा. दुसऱ्या जातीचे सर्वांत मोठे उदाहरण रॉबर्ट फ्रँकचे.

त्याआधी काँटॅक्ट शीटविषयी थोडे सांगायला हवे. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला आणि पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका रिळावर छत्तीस चौकटी घेण्याची सोय झाली. टपाल तिकिटापेक्षा फार मोठी नसलेली ती निगेटिव्ह नुसत्या डोळ्यांनी वाचणे कठीण. म्हणून रिळाचे सहा-सहा चौकटींचे तुकडे करून ते थेट कागदावर ठेवून छापायचे, म्हणजे पूर्ण रीळ एका पानावर येते. मग भिंग डोळ्याला लावायचे आणि तेलकट तांबड्या पेन्सिलीने खुणा करायच्या. काँटॅक्ट शीटचे वैशिष्ट्य असे की तीत काही लपत नाही. छायाचित्रकार कुठे घुटमळला, कुठे उशिरा पोचला, कुठे त्याचा धीर सुटला, हे सारे क्रमाने दिसते. कार्तिए-ब्रेसाँसारख्या माणसाला हे उघडे पडणे मानवणारे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याने आपल्या आधीच्या निगेटिव्हमधून हव्या तेवढ्या कापून ठेवल्या आणि बाकी बहुतेक नष्ट केल्या. निर्णायक क्षणाचा उपासक म्हणून ख्याती झालेल्या कलावंताने त्या क्षणाच्या आगचे-मागचे क्षण उरू दिले नाहीत, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झाले.

स्वित्झर्लंडहून आलेल्या फ्रँकला १९५५ मध्ये गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळाली, पुढच्या वर्षी तिचे नूतनीकरणही झाले. जुनी मोटार घेऊन तो अमेरिकाभर हिंडला आणि ७६७ रिळे भरली. म्हणजे सत्तावीस हजारांवर चौकटी झाल्या. काँटॅक्ट शीटवर खुणा करून त्याने सुमारे हजार चित्रांचे कच्चे छाप काढले. ते न्यूयॉर्कमधल्या घराच्या भिंतींवर टाचले, जमिनीवर पसरले, विषयांनुसार गट केले, पुन्हा मोडले. शेवटी पुस्तकात राहिली ८३. सव्वातीनशे चौकटींमागे साधारण एक असे हे प्रमाण. 'द अमेरिकन्स' आधी १९५८ मध्ये पॅरिसला रोबेर देल्पीरने काढले, मग जॅक केरुॲकच्या प्रस्तावनेसह ग्रोव्ह प्रेसने अमेरिकेत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सत्तावीस हजारांतून हजार ही पहिली चाळणी आणि हजारांतून ८३ ही दुसरी. दोन्ही एकाच निकषाने झालेल्या नाहीत, होऊही शकत नाहीत. पहिल्या चाळणीत प्रत्येक चौकट स्वतःच्या बळावर उभी राहते. दुसऱ्या चाळणीत ती शेजारच्या चौकटीच्या आधाराने उभी राहते किंवा पडते. फ्रँकच्या पुस्तकात ध्वज, मोटारी, रस्ते, ज्यूकबॉक्स ही चिन्हे पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांचा अर्थ पानांगणिक बदलत जातो. हे काम भिंतीवर टाचूनच होते, एकेक चित्र भिंगाखाली धरून होत नाही. आज हजारो चित्रे घरी घेऊन येणारे कितीतरी लोक पहिल्या चाळणीलाच निवड समजतात. त्यांच्याकडे चांगली चित्रे असतात, पण त्यांचे काही बनत नाही.

गॅरी विनोग्रँडची कथा याच्या अगदी उलट आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांचा हा अथक टिपणारा १९८४ साली छप्पन्नाव्या वर्षी वारला. त्याच्या मागे अडीच हजारांवर रिळे न धुतलेली निघाली. सुमारे साडेसहा हजार धुतलेली, पण काँटॅक्ट शीटसुद्धा न काढलेली. आणखी सुमारे तीन हजारांच्या शीट निघाल्या होत्या, मात्र त्यांची निवड पूर्ण झालेली नव्हती. तो मुद्दाम रिळे वर्ष-दोन वर्षे बाजूला ठेवी. टिपतानाची मनःस्थिती ओसरली म्हणजे चित्राकडे चित्र म्हणून पाहता येते, असा त्याचा हिशेब होता, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. ज्या चित्रासाठी आपण दोन तास उन्हात उभे राहिलो ते आपल्याला चांगले वाटतेच! मात्र त्या बाजूला ठेवण्याचे शेवटी टाळण्यात रूपांतर झाले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या जॉन सार्कोव्हस्कीने ही उरलेली रिळे धुऊन घेतली, पाहिली, आणि १९८८च्या प्रदर्शनात त्या अखेरच्या कामाविषयी जवळजवळ निराशेचा निर्वाळा दिला. पुढे २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून निघालेल्या प्रदर्शनासाठी लिओ रुबिनफीनने तोच ढीग पुन्हा उपसला आणि त्यात सार्कोव्हस्कीपेक्षा बरेच काही सापडले असे दाखवले. मग त्या चित्रांचा कर्ता कोण? कळ विनोग्रँडने दाबली, पण ज्या चौकटीला त्याने कधी पाहिलेच नाही तिच्याखाली त्याचे नाव लिहिणे मला अवघड वाटते.

फिल्म गेली तरी हा प्रश्न गेला नाही. उलट चौकट फुकट झाल्याने तो घरोघर पोचला. आपल्याकडच्या लग्नाच्या एका दिवसात दोन-तीन हजार चौकटी सहज होतात. इथे 'रॉ' फाइलचे स्वरूप समजून घेणे उपयोगाचे आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावरचा प्रत्येक बिंदू केवळ प्रकाशाची मात्रा मोजतो. त्याला रंग कळत नाही. म्हणून कोडॅकमधल्या ब्राइस बायरने १९७६ मध्ये एकस्व मिळवलेली रंगीत गाळण्यांची जाळी त्यावर बसवतात. निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून गणिताने ताडले जातात. रॉ म्हणजे हे ताडणे होण्याआधीची कच्ची मोजमापे. जेपेगमध्ये दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चौदा-बिटी रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे काळवंडलेल्या सावलीतला तपशील मागाहून उजळता येतो. डेव्ह कॉफिन या एकट्या प्रोग्रामरने १९९७ मध्ये निरनिराळ्या कंपन्यांच्या या फाइली वाचणारी 'डीसीरॉ' ही मुक्त आज्ञावली लिहायला घेतली. मग २००३ मध्ये अडोबीचे 'कॅमेरा रॉ' आले, २००५ मध्ये ॲपलचे 'ॲपर्चर' (ते २०१४ मध्ये गुंडाळले गेले), २००७ मध्ये 'लाइटरूम'. डार्करूमचा विरोधी शब्द म्हणून हे नाव झकास आहे.

या आज्ञावलींनी दोन गोष्टी बदलल्या. एक, मूळ फाइलला हात न लावता फेरफारांच्या फक्त सूचना वेगळ्या लिहून ठेवायच्या. लँगचा अंगठा आता केव्हाही परत आणता येतो. दोन, निवडीचा वेग. वृत्तछायाचित्रकारांमध्ये 'फोटो मेकॅनिक' ही १९९८ची आज्ञावली लोकप्रिय झाली ती एका साध्या युक्तीमुळे. रॉच्या पोटात कॅमेऱ्याने एक छोटे जेपेग आधीच भरून ठेवलेले असते. ती तेच दाखवते, रॉ उलगडत बसत नाही. चौकट डोळ्यांसमोर येणे आणि निर्णय होणे यांत सेकंदाचाही खोळंबा नको, कारण खोळंबा झाला की आधीची चौकट मनातून निसटते आणि तुलना बिघडते. लाइटरूममध्ये 'पी' दाबले की पसंतीचे निशाण, 'एक्स' दाबले की नापसंतीचे. 'एक्स' म्हणजे स्ट्रायकरचा पंचच, फक्त भोक न पडणारा. खोडण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. जाणकार 'एक्स'ला शक्यतो हात लावत नाहीत. ते 'पी'ने वेचत जातात आणि बाकीचे तसेच राहू देतात, मग वेचलेल्यांतून पुन्हा वेचतात, आणि रंग-उजेडाची कामे शेवटी उरलेल्या मूठभरांवरच करतात. आधी सगळी उजळून मग निवडणाऱ्याचा वेळ तर जातोच, शिवाय जिच्यावर कष्ट केले ती चौकट टाकवत नाही.

रॉला आणखी एक भूमिका मिळाली, ती साक्षीदाराची. २०१५च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत उपान्त्य फेरीतल्या सुमारे एक पंचमांश चित्रांना मूळ फाइलशी ताडून बाद करण्यात आले. कुणी कोपऱ्यातले काही पुसले होते, कुणी छटा अतिरेकी गडद केल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रॉयटर्सने आपल्या स्वतंत्र छायाचित्रकारांना उलटाच आदेश दिला. रॉपासून बनवलेली चित्रे पाठवू नका, कॅमेऱ्याने बनवलेले जेपेगच पाठवा. वेग आणि विश्वासार्हता ही कारणे सांगितली गेली. वेगाचे कारण पटते. विश्वासार्हतेचे पटत नाही. जेपेगसुद्धा कच्च्या मोजमापांचा एक अर्थच असतो. तो छायाचित्रकाराऐवजी कॅमेरा कंपनीच्या अभियंत्यांनी आगाऊ लावलेला असतो, इतकेच. आणि कोणती चौकट पाठवली गेली, कोणती मागे राहिली, यावर दोन्ही आदेश मूक आहेत. स्ट्रायकरची श्रद्धा इथे जशीच्या तशी शाबूत आहे.

अलीकडे निवडीसाठीही यंत्रबुद्धी आली आहे. मिटलेले डोळे, हललेला हात, चुकलेला फोकस, एकसारख्या चौकटी हे सारे ती मिनिटांत हेरते. तांदळातले खडे काढायला ती उत्तम आहे. लग्नाची तीन हजार चित्रे पुढ्यात असलेल्या माणसाने ती वापरली तर त्याला नावे ठेवू नयेत. पण 'द अमेरिकन्स' निघाले तेव्हा अमेरिकेतल्या छायाचित्रणाच्या एका प्रमुख मासिकात समीक्षकांनी त्यावर जे आक्षेप घेतले, ते नेमके याच यादीतले होते. अस्पष्टता, कण, तिरकी क्षितिजे, बेफिकिरी. फ्रँकच्या त्या ८३ चित्रांत हॉलिवूडमधल्या एका चित्रपटाच्या पहिल्या खेळाचे एक आहे. तारका अगदी पुढे, चौकटीच्या मध्यावर, आणि तिचा चेहरा पूर्णपणे फोकसबाहेर. भिंग स्थिरावले आहे ते मागे ताटकळत उभ्या असलेल्या बायकांवर.